आगगाडीची तिरपी रेघ

सकाळीं कल्याणच्या फलाटावर उभा असलेला गृहस्थ ज्या लोकलला 'सव्वाआठची' म्हणतो, तिलाच डोंबिवलीचा गृहस्थ 'आठ-चोवीसची' म्हणतो आणि ठाणेकर 'पावणेनऊची' म्हणून ओळखतो. गाडी एकच, डबे तेच, मोटरमन तोच. परंतु तीन गांवांनीं तिला तीन नांवें ठेविलीं आहेत. गाडीला उशीर झाला म्हणजे हीच मंडळी तिला आणखी जीं नांवें ठेवितात, तीं निराळींच! हे आंकडे आम्हीं केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. वेळापत्रकांत ते कोणीं शोधूं नयेत. आमचा प्रश्न इतकाच, कीं ह्या गाडीला असें एखादें नांव देतां येईल काय, कीं जें कल्याणासही खरें, डोंबिवलीसही खरें, ठाण्यासही खरें, आणि ह्या स्थानकांच्या मध्यें असलेल्या प्रत्येक खांबापाशींही खरें?

असें नांव आहे. तें अक्षरांचें नसून समीकरणाचें आहे, आणि तें मिळविण्याची वाट एका रेघेवरून जाते. शाळेंत चौकटींच्या कागदावर सरळ रेषा काढून तिचें समीकरण शोधण्याचें गणित बहुतेक वाचकांनीं केलेलें असेल. आणि परीक्षा संपतांच तें विसरूनही गेले असतील. हें गणित कशासाठीं शिकावयाचें, असा प्रश्न मुलें घरीं विचारतात, तेव्हां वडील माणसें बहुधा 'गुणांसाठीं' असें उत्तर देतात. त्याहून बरें उत्तर ज्या प्रांतांत हिंदुस्थानची पहिली प्रवासी आगगाडी धांवली त्याच प्रांताच्या इतिहासांत सांपडतें, असें आम्हांस वाटतें. म्हणून हा लेखनप्रपंच.

१६ एप्रिल १८५३ ह्या दिवशीं दुपारीं ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची पहिली गाडी बोरीबंदराहून ठाण्यास निघाली. चौदा डबे, सुमारें चारशें निमंत्रित पाहुणे, साहेब, सिंध आणि सुलतान हीं तीन इंजिनें, आणि निघतांना एकवीस तोफांची सलामी, हें वर्णन आपण सर्वांनीं वाचलेलें आहे. अंतर एकवीस मैलांचें. परंतु हें अंतर तोडण्यास वेळ किती लागला, ह्याविषयीं पुढील लेखकांत एकवाक्यता नाहीं. कोणी सत्तावन्न मिनिटें म्हणतात, कोणी सव्वा तास. पहिला आंकडा धरला तर गाडीचा वेग तासीं सुमारें बावीस मैल पडतो. दुसरा धरला तर सतराच्या किंचित् आंत.

हे दोन वृत्तान्त कागदावर मांडून पाहूं. आडव्या अक्षावर वेळ घ्यावा, उभ्या अक्षावर बोरीबंदरापासूनचें अंतर. प्रस्थानाचा बिंदु दोहोंचा एकच. पोंचण्याचे बिंदु दोन. दोन्ही एकवीस मैलांच्याच उंचीवर, परंतु एक डावीकडे, दुसरा उजवीकडे. प्रस्थानबिंदूपासून ह्या दोन बिंदूंपर्यंत दोन सरळ रेघा ओढल्या, तर पहिली अधिक उभी दिसेल, दुसरी अधिक कललेली. एवढ्या पाहण्यांतच वेग म्हणजे काय हें डोळ्यांना कळतें: जी रेघ जास्त उभी ती गाडी जास्त वेगाची. रेघेच्या ह्या उभेपणास गणितांत 'चढ' म्हणतात. दोन बिंदु घ्यावे, त्यांच्या उंचींतील फरकास त्यांच्या आडव्या अंतरानें भागावें, कीं चढ हातीं येतो. येथें उंची म्हणजे मैल आणि आडवें अंतर म्हणजे मिनिटें. तेव्हां चढ म्हणजे मिनिटागणिक मैल, अर्थात् वेग.

परंतु सावध वाचक विचारील, कीं गाडी बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत एकाच वेगानें, कोठेंही न थांबतां, थोडीच गेली असेल? शंका बरोबर आहे. दोन टोंकें जोडणारी रेघ सरासरीची असते. वाटेंत गाडी जेथें थांबली असेल तेथें अंतर वाढत नाहीं, वेळ मात्र जातो. म्हणून तेथें रेघ आडवी होते. खरा आलेख चढ आणि पायऱ्या असलेल्या जिन्यासारखा दिसावयाचा. थांबा वजा करून वेळ मोजणारा आणि थांब्यासह मोजणारा अशा दोन माणसांच्या घड्याळांत कांहीं बिघाड नसतांही त्यांचीं उत्तरें निराळीं येऊं शकतात. कोणता आंकडा खरा, ह्या वादाआधीं कोणती रेघ मोजली, हें विचारणें अधिक उपयोगाचें.

ठाण्याच्या पुढें खाडी होती. तिजवर पूल झाले आणि १ मे १८५४ रोजीं लोहमार्ग कल्याणास पोंचला. तेथून त्यास दोन फांटे फुटले. एक ईशान्येस कसाऱ्याकडे, दुसरा आग्नेयेस कर्जतकडे. मार्ग वाढले, गाड्या वाढल्या, आणि जगांत सर्वत्र रेल्वेवाल्यांपुढें एकच अडचण उभी राहिली: पुष्कळ गाड्यांचें वेळापत्रक नुसत्या आंकड्यांच्या कोष्टकानें डोळ्यांपुढें उभें राहीना. ह्यावर जो तोडगा निघाला तो आलेखाचा. फ्रेंच शास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे ह्यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आलेखपद्धतीवर लिहिलेल्या ग्रंथांत पॅरिस ते लियों ह्या मार्गावरील गाड्यांचा आलेख दिला असून त्याचें श्रेय इब्री नामक अभियंत्यास दिलें आहे. आडवा अक्ष दिवसाच्या तासांचा. उभ्या अक्षावर स्थानकें, एकमेकांपासून जितकीं दूर असतील तितक्याच प्रमाणांत दूर मांडलेलीं. आणि प्रत्येक गाडीची एक तिरपी रेघ. आजही वेळापत्रकाची आंखणी करणारे आणि गाड्यांचें नियंत्रण करणारे ह्याच जातीच्या आलेखाशीं व्यवहार करतात. फरक एवढाच, कीं कागदाची जागा आतां पुष्कळ ठिकाणीं संगणकाच्या पडद्यानें घेतली आहे.

आतां आपल्या कल्याणच्या लोकलकडे वळूं. उभ्या अक्षावर मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसपासूनचीं अंतरें मांडूं. पूर्णांकांत बोलावयाचें तर ठाणें ३४ किलोमीटर, दिवा ४३, डोंबिवली ४८ आणि कल्याण ५४. आडव्या अक्षावर सकाळीं आठ वाजल्यापासूनचीं मिनिटें मोजूं. गाडी सव्वाआठला कल्याणहून निघाली आणि पावणेनऊला ठाण्यास आली. थांबे सोयीसाठीं तूर्त सोडून देऊं. म्हणजे पहिला बिंदु (१५, ५४) आणि दुसरा (४५, ३४). मिनिटें तीस गेलीं, आणि मुंबईपासूनचें अंतर वीस किलोमीटरांनीं घटलें. चढ झाला वजा २/३. तासीं चाळीस किलोमीटर हा वेग आणि वजा चिन्ह ही दिशा. मुंबईस जाणाऱ्या गाड्यांच्या रेघा कागदावर उतरत्या, आणि मुंबईहून येणाऱ्यांच्या चढत्या.

चढ कळला, परंतु तेवढ्यानें गाडी ओळखतां येत नाहीं. तासीं चाळीस किलोमीटरांनीं मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या सकाळभर कितीतरी असतील; त्या सर्वांच्या रेघा एकमेकींस समांतर. त्यांतून आपली रेघ निवडण्यास आणखी एक खूण लागते: ती उभ्या अक्षास कोठें छेदते? सव्वाआठला गाडी ५४ किलोमीटरांवर होती. आठाला, म्हणजे पंधरा मिनिटें आधीं, ह्याच वेगानें पाहतां ती दहा किलोमीटर मागें, ६४ वर असावयास हवी. म्हणून समीकरण असें होतें: मिनिटांना 'क्ष' आणि अंतरास 'य' म्हटलें, तर

य = ६४ − (२/३) क्ष.

पडताळा घ्यावा. क्ष च्या जागीं ४५ घातले तर य ३४ येतो, ठाणें बरोबर. य च्या जागीं ४८ घातले तर क्ष २४ येतो; डोंबिवलीची आठ-चोवीस बरोबर. तीन गांवांचीं तीन नांवें एका ओळींत सामावलीं. सरळ रेषेचें समीकरण शोधणें म्हणजे दोनच गोष्टी शोधणें: तिचा चढ किती आणि ती अक्षास कोठें छेदते. सामान्य रूप य = म × क्ष + क; येथें म हा चढ आणि क हा छेद.

चढ हा गाडीचा स्वभाव आणि छेद ही आपण घड्याळ कोठून मोजावयास लागलों त्याची खूण, असें म्हटलें तर फारसें चुकणार नाहीं. मुंबईच्या इतिहासांत ह्याचें एक नामी उदाहरण आहे. १९०६ च्या आरंभीं हिंदुस्थानांत सर्वत्र एक प्रमाणवेळ सुरू झाली; परंतु मुंबई शहरानें आपली जुनी 'मुंबई वेळ' सोडली नाहीं. ती प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटें मागें होती, आणि शहरांत ती १९५५ पर्यंत टिकली. म्हणजे अर्धें शतक माणसें एका घड्याळानें घरांतून निघत आणि रेल्वे दुसऱ्या घड्याळानें चाले. आपली लोकल त्या काळांत आहे असें कल्पून तिचें समीकरण मुंबई वेळेनें मांडलें, तर काय होईल? मुंबई वेळेनें आठ म्हणजे प्रमाणवेळेनें आठ-एकोणचाळीस. त्या क्षणीं गाडी ६४ उणें २६, म्हणजे ३८ किलोमीटरांवर आहे. समीकरण झालें य = ३८ − (२/३) क्ष. चढ तोच राहिला. छेद मात्र बदलला. दोन गृहस्थांनीं एकाच गाडीचीं दोन समीकरणें सांगितलीं आणि दोन्ही खरीं निघालीं! घड्याळाचा वाद होता तो सर्व छेदांत होता. वेगाविषयीं कोणाचाच वाद नव्हता. व्यवहारांतील पुष्कळ भांडणें ह्याच जातीचीं असतात.

परंतु त्या ६४ कडे आम्हांस परत गेलें पाहिजे. ६४ किलोमीटर म्हणजे कसाऱ्याच्या मार्गावर टिटवाळ्याच्या आसपासची जागा. समीकरण म्हणतें, कीं आठ वाजतां गाडी तेथें होती. गाडी जर कल्याणहूनच सुटणारी असेल, तर हें साफ खोटें आहे. आठ वाजतां ती कल्याणलाच उभी होती. मग समीकरण चुकलें काय? नाहीं. आपण त्यास जेथवरची माहिती दिली नव्हती तेथवर त्याला ताणलें, ही चूक आपली. रेघ कल्याणपासून ठाण्यापर्यंतची होती. पट्टी धरून ती मागें वाढविणें सोपें आहे, परंतु पट्टीच्या टोंकाशीं गाडी असेलच असें नाहीं. समीकरण काढणाऱ्यानें त्यासोबत त्याची हद्दही सांगितली पाहिजे.

हा विचार आपल्या पूर्वजांस किती ठाऊक होता, असें कुतूहल साहजिक आहे. कल्याणहून ईशान्येकडे निघालेला जो फांटा कसारा, इगतपुरी, नाशिक असा जातो, तो पुढें चाळीसगांवास पोंचतो. तेथून जवळच पाटण येथें भास्कराचार्यांच्या घराण्याचा शिलालेख आहे; त्याकडे विद्वानांचें लक्ष प्रथम डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांनीं वेधलें. भास्कराचार्यांनीं ११५० च्या सुमारास रचिलेल्या 'लीलावती'ंत त्रैराशिकाचा विचार सविस्तर आहे. प्रमाण, फल आणि इच्छा: तीस मिनिटांत वीस किलोमीटर, तर बारा मिनिटांत किती? उत्तर आठ. आजच्या भाषेंत ही शून्यबिंदूंतून जाणारी सरळ रेषा होय; हिला चढ आहे, छेद नाहीं. दुकानदाराचा हिशेब बहुतेक ह्याच रेषेवर चालतो, कारण माल शून्य घेतला तर पैसेही शून्यच द्यावयाचे.

छेदाची कल्पना त्याच ग्रंथांत दुसरीकडे, श्रेढीच्या प्रकरणांत, निराळ्या वेषांत भेटते. श्रेढींत पहिलें पद म्हणजे मुख, दरवेळीं पडणारी भर म्हणजे चय, आणि पदांची संख्या म्हणजे गच्छ. गच्छांतून एक वजा करून त्यास चयानें गुणावें, त्यांत मुख मिळवावें, कीं शेवटचें पद येतें. वाचकांनीं हें सूत्र आपल्या समीकरणाशेजारीं ठेवून पाहावें. चय म्हणजे चढ आणि मुख म्हणजे छेद! आपली लोकल दर तीन मिनिटांस दोन किलोमीटर मुंबईजवळ येते. ५४, ५२, ५०, ४८ ही तिची श्रेढीच आहे. फरक इतकाच, कीं श्रेढी पावलांनीं चालते आणि रेषा अखंड. श्रेढी तुम्हांस आठ-अठराची आणि आठ-एकविसाची जागा सांगेल. मधल्या साऱ्या क्षणांची रेषा सांगते.

मग नवें काय झालें? नवें झालें तें चित्र आणि अक्षर ह्यांचें लग्न. १६३७ सालीं देकार्त ह्या फ्रेंच तत्त्ववेत्त्यानें आपला भूमितिविषयक निबंध प्रसिद्ध केला. त्याच सुमारास त्याचाच देशबंधु फर्मा हा स्वतंत्रपणें त्याच विचारापर्यंत आला होता, आणि दोन अज्ञात राशींचें पहिल्या घाताचें समीकरण म्हणजे सरळ रेषा, हें फर्मानें स्पष्टपणें मांडलें. त्याचें तें लिखाण मात्र छापलें गेलें तें त्याच्या मृत्यूनंतर, १६७९ त. भूमितीची आकृति आणि बीजगणिताचें अक्षर हीं तोंवर दोन निराळ्या घरांत नांदत होतीं. आतां आकृति दिली तर समीकरण काढतां येऊं लागलें, आणि समीकरण दिलें तर आकृति. शाळेंतील तें विसरलेलें गणित म्हणजे ह्या दोन घरांमधला उंबरठा होय.

चढ हा शब्द आम्हीं वर वेगासाठीं वापरला. परंतु कल्याणच्या पुढें गेलें, कीं तो आपल्या मूळ अर्थानें भेटतो. सह्याद्रि ओलांडल्याखेरीज मुंबईची आगगाडी देशावर जाऊं शकत नव्हती. मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कले ह्याच्या योजनेनुसार भोर घाटाचा मार्ग १८६३ त आणि थळ घाटाचा १८६५ त खुला झाला. भोर घाटाचा चढाव १५ मैल ६८ साखळ्या लांबीचा. पायथा कर्जतच्या बाजूस मुंबईच्या भरतीरेषेपासून १९६ फूट उंच आणि माथा लोणावळ्यास २०२७ फूट. म्हणजे चढण १८३१ फुटांची. ऐंशी साखळ्यांचा मैल धरतां लांबी १५.८५ मैल होते, आणि मैलागणिक चढण सुमारें साडेएकशेपंधरा फूट. पायथ्यापासूनचे मैल क्ष आणि भरतीरेषेपासूनचे फूट य मानले, तर

य = १९६ + ११५.५ क्ष.

येथें छेद काल्पनिक नाहीं. १९६ फूट ही पायथ्याची खरी उंची आहे. त्या जागीं माणूस उभा राहूं शकतो. तथापि हीच रेघ मागें ताणली, तर पायथ्याच्या पावणेदोन मैल अलीकडे समुद्र लागावयास हवा! समुद्र तेथून किती दूर आहे, हें कर्जतकरांस सांगावयास नको. पुन्हां तोच धडा: रेघेची हद्द सोडूं नये.

आणि ह्या घाटानें दुसराही एक धडा शिकविला. वरील समीकरणाप्रमाणें चढण सेहेचाळिसांत एक, म्हणजे सेहेचाळीस फूट पुढें गेलें कीं एक फूट वर. परंतु घाटांतील सर्वांत कठीण भागीं ती सदतिसांत एक आहे. मैलागणिक सुमारें एकशेत्रेचाळीस फूट. सरासरीची रेघ हें सांगत नाहीं. इंजिनाला सरासरी ओढावयाची नसते. त्याला त्या सदतिसांत एकवरूनच गाडी न्यावयाची असते. सरासरीवर विसंबून जो इंजिनाची शक्ति ठरवील, त्याची गाडी घाटाच्या मध्यावर उभी राहील. म्हणून कर्जतला आणि कसाऱ्याला गाडीस जादा इंजिनें, ज्यांना रेल्वेंत बँकर म्हणतात, जोडण्याची रीत पडली. आलेखावरून समीकरण काढणें सोपें. तो आलेख खरोखर सरळ आहे काय, हें आधीं पाहणें कठीण, आणि अधिक महत्त्वाचें. घाट बांधतांना हजारों मजूर खपले, आणि त्यांतले कितीएक रोगराईनें आणि अपघातांनीं तेथेंच मेले. त्या चढाची किंमत त्यांनीं दिली. सरासरीच्या रेघेंत तीही दिसत नाहीं.

आतां एका रेघेवरून दोन रेघांकडे येऊं, कारण आलेखाचें खरें काम तेथें आहे. समजा, दुसरी एक गाडी आठ-बाराला ठाण्याहून निघते आणि आठ-बेचाळीसला कल्याणास पोंचते. वरच्याच रीतीनें तिचें समीकरण य = २६ + (२/३) क्ष असें येतें. ही चढती रेघ आणि आपली उतरती रेघ एकमेकींस कोठें छेदतात? दोन्ही य समान मांडले तर क्ष साडेअठ्ठावीस येतो आणि य ४५. म्हणजे साडेअठ्ठावीस मिनिटांनीं, दिवा आणि डोंबिवली ह्यांच्या दरम्यान, ह्या दोन गाड्या एकमेकींसमोरून जाणार. दोन समीकरणें सोडविणें म्हणजे काय, हें लोकलच्या दारांतून पाहणाऱ्या प्रत्येकानें रोज अनुभवलेलें असतें: समोरून आवाज येतो, खिडक्या खडखडतात, आणि क्षणांत दुसरी गाडी निघून जाते.

मार्ग दुहेरी असेल तर हा छेदनबिंदु कोठेंही पडला तरी चालतो. एकेरी असेल तर मात्र तो स्थानकाच्या आडव्या रेषेवरच पडला पाहिजे, कारण एका गाडीस बाजूस घेण्याची सोय तेथेंच असते. दिव्याहून पनवेल-रोह्याच्या मार्गानें कोंकणांत जाणाऱ्या वाचकांस ह्याचा अनुभव आहे. कोंकण रेल्वेचा मार्ग बव्हंशीं एकेरी. म्हणून एखाद्या लहानशा स्थानकावर गाडी विनाकारण थांबल्यासारखी वाटते, आणि डब्यांत कोणीतरी 'क्रॉसिंग आहे' असें सांगतो. विनाकारण कांहीं नसतें. दोन रेघांचा छेद स्थानकाच्या रेषेवर आणण्यासाठीं आपली रेघ तेवढा वेळ आडवी केलेली असते. एकाच दिशेनें जाणाऱ्या जलद आणि धीम्या गाड्यांचीही तीच कथा. उभी रेघ कललेल्या रेघेस गांठते तेथें दुसरा रूळ हवा. ठाणें आणि दिवा ह्यांच्या दरम्यान पांचवी आणि सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्यें सुरू झाली, तिच्या मुळाशीं रेघांची हीच दाटी होती.

येथवर आलेखाचे गुण सांगितले. त्याची एक मर्यादा सांगितल्याशिवाय लेख पुरा होणार नाहीं, आणि ती सांगतांना आम्हांस दुःख होतें. ९ जून २०२५ च्या सकाळीं मुंब्र्याजवळ, वळणावर, विरुद्ध दिशांनीं जाणाऱ्या दोन लोकल गाड्या एकमेकींसमोरून जात असतां दारांत लोंबकळणारे प्रवासी खालीं पडले, आणि त्यांतील किमान चौघे प्राणांस मुकले. आलेखाच्या दृष्टीनें तेथें कांहींच चुकलेलें नव्हतें. गाड्या दोन निराळ्या रुळांवर होत्या. रेघा एकमेकींस छेदून गेल्या, जशा त्या रोज छेदतात. परंतु रेषेस रुंदी नसते, ही युक्लिडची व्याख्या आहे, लोकलला असते. आणि दारांतल्या माणसाची पाठीवरची पिशवी त्या रुंदीच्याही बाहेर असते. ज्या बिंदूंत दोन रेघा मिळतात, त्या बिंदूंत दोन गाड्यांमधली हातभर मोकळी जागा, वळणावरचा कल, आणि त्या जागेंत घुसलेलीं माणसें मावत नाहींत. गर्दी हा ह्या आलेखाचा तिसरा अक्ष आहे, आणि तो कागदावर काढलेला नाहीं.

ह्यावरून आलेख टाकून द्यावा, असें आमचें म्हणणें नाहीं. उलट, त्यांत काय आहे हें ज्याला नीट वाचतां येतें, त्यालाच त्यांत काय नाहीं हेंही सांगतां येतें. एका रेघेवर गाडी आली, तिच्यांत दीडपट माणसें आलीं, तर ती रेघ तशीच दिसते. मग दुसरी रेघ कोठें घालावयाची, तिला जागा आहे काय, नसेल तर नवा रूळ कोठें हवा, हे प्रश्न भावनेनें सुटत नाहींत. ते ह्याच कागदावर, पट्टी आणि पेन्सिल घेऊन सोडवावे लागतात. कल्याण-डोंबिवलीच्या प्रवाशांनीं वर्षानुवर्षें गाड्यांची जी मागणी केली आहे, तिचा अर्थ गणिताच्या भाषेंत असा, कीं चढ तोच ठेवून दोन समांतर रेघांमधलें अंतर कमी करा.

घरीं मुलें असतील तर वाचकांनीं एका सुटीच्या दिवशीं चौकटींचा कागद आणि लोकलचें वेळापत्रक घेऊन बसावें. स्थानकांच्या आडव्या रेषा त्यांच्या अंतरांप्रमाणें काढाव्या, बाबा किंवा आई रोज जातात त्या गाडीचे दोन बिंदु मांडावे आणि रेघ ओढावी. चढ मुलांनीं काढावा, छेद मुलांनीं काढावा, आणि समीकरण तयार झालें म्हणजे मधल्या एखाद्या स्थानकाची वेळ त्यावरून काढून वेळापत्रकाशीं ताडून पाहावी. दोन-तीन मिनिटांचा फरक येईल. तो कां आला, हें शोधण्यांत दुपार चांगली जाईल. हें गणित कशासाठीं, असें मग तें मूल पुन्हां विचारील असें आम्हांस वाटत नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आई कामावर निघतांना तें बहुधा एवढेंच सांगेल, कीं दारांत उभी राहूं नकोस.